खुल्या वस्तऱ्याने नऊ महिने दाढी, कोकणातल्या पावसाळ्यासकट

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वस्तरा घेतला, आता सप्टेंबर संपत आलाय. आठवड्यातून चारदा दाढी करतो, म्हणजे दीडशेच्या वर दाढ्या झाल्या. तरी हनुवटीच्या डाव्या कोपऱ्याशी आलो की आजही श्वास रोखला जातो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी कोणी उस्ताद आहे असा समज व्हायला नको.

आजोबांचा वस्तरा ट्रंकेत सापडला वगैरे माझ्याकडे काही नाही. आमचे आजोबा ओटीवर बसून आळीतल्या न्हाव्याकडून दाढी करून घ्यायचे आणि वर्षाकाठी त्याला भात घालायचे. माझं कारण साधं होतं. तीन पात्यांच्या रेझरने गळ्यावरचे केस आत वळायचे, पुळ्या यायच्या. म्हणून आधी साधा, एका पात्याचा सेफ्टी रेझर घेतला, आणि खरं सांगायचं तर बराचसा त्रास तिथेच संपला. शहाणा माणूस तिथे थांबला असता.

पैसे वाचतात का, हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. नाही वाचत. वस्तरा 11,500 रुपये, धार सांभाळायचा चामड्याचा पट्टा 2,400, दोनदा धार लावून आणली त्याचे कुरियरसकट 1,600. सेफ्टी रेझरचं पातं तीन-चार रुपयांना मिळतं आणि मला पाच दाढ्या पुरतं. हिशोब तुम्हीच करा. मी बायकोसमोर केलेला नाही.

आणखी एक खर्च फुकट गेला तो सांगतो. ‘आधी सलूनमधल्या वस्तऱ्यावर हात बसव, मग खरा घे’ असा सल्ला मिळाला, म्हणून अर्धं पातं बसवायचा 250 रुपयांचा वस्तरा आणला. आपल्याकडे सलूनमध्ये आता हाच असतो. दर गिऱ्हाइकाला नवं पातं मोडून घालायचं, जुनं टाकून द्यायचं. एड्सची भीती पसरल्यानंतर ही पद्धत रुळली आणि ते योग्यच झालं. पण नवशिक्याने स्वतःवर हात बसवायला ही वस्तू फार कडक आहे. दहावा भाग मिलिमीटर जाडीचं पातं, वजन नाही, अंगाला लवचिकपणा नाही. कोन जरा चुकला की रक्त. खऱ्या वस्तऱ्याला वजन असतं, त्यामुळे दाबावं लागत नाही, आणि चूक झाली तर आधी तो थोडा अडतो, मग कापतो. तो अडण्याचा क्षण फार मोलाचा. सलूनच्या वस्तऱ्याने मला पहिल्याच दिवशी तीन ठिकाणी कापलं. आता तो बायको शिवणाची टीप उसवायला वापरते आणि त्यात तरबेज आहे.

तर खरा वस्तरा. माझा जर्मनीतल्या सोलिंगेनचा आहे, रुंदी 5/8. ही रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात, म्हणजे साधारण 16 मिलिमीटर. टोक गोल घेतलं. चौकोनी टोक मिशीच्या कडेला बारीक कामाला बरं म्हणतात, पण पहिल्या सहा महिन्यांत त्याने कानाची पाळी नक्की गेली असती. जर्मनीत 1938 पासून कायदा आहे की सोलिंगेन भागात बनलेल्या मालावरच ते नाव टाकायचं, त्यामुळे त्या शब्दाला काही अर्थ तरी आहे. नुसतं ‘जर्मन स्टील’ कोरलेले, चारपाचशे रुपयांचे चकचकीत वस्तरे दिसतात. ते दिसायला वस्तरे आहेत, एवढंच.

पात्याच्या दोन्ही बाजू आत खोलगट घासलेल्या असतात, त्यामुळे धारेजवळ ते इतकं पातळ होतं की केस कापताना बारीक किणकिण ऐकू येते. पहाटे पंखा बंद असेल तर स्पष्ट ऐकू येते. मला आता त्या आवाजावरून कळतं की कोन बरोबर आहे की नाही. आवाज खरखरीत झाला की थांबायचं.

आता पहिल्या तीन आठवड्यांची फजिती. विकणाऱ्याने ‘दाढीला तयार’ म्हणून पाठवलेला वस्तरा केस कापत नव्हता, उपटत होता. बिनपाण्याने हजामत हा वाक्प्रचार आयुष्यभर वापरला, अनुभव तेव्हा घेतला. मी मात्र दोष स्वतःच्या हाताला देत राहिलो. साबण बदलला, गरम पाणी वाढवलं, कोन बदलून पाहिले. शेवटी वस्तरा खिशात घालून बाजारपेठेतल्या आमच्या नेहमीच्या सलूनमध्ये गेलो. तिथले काका सत्तरीचे आहेत, त्यांच्या वडिलांच्या धोकटीतल्या वस्तऱ्यांवर शिकलेले. त्यांनी तो उघडला, अंगठ्याचं पेर धारेवरून आडवं, अगदी अलगद नेलं आणि म्हणाले, “ह्याला धार आहे कुठे? आणि ह्याने तुम्ही दाढी करताय?”

मग तो पुण्यातल्या एका माणसाकडे पाठवला, जो हौसेने वस्तऱ्यांना धार लावून देतो. परत आल्यावर मनगटावरचे केस कातडीला न टेकता कापू लागला. पहिली दाढी अशी झाली की मी आरशात दोनदा गाल चाचपला. तेव्हा नव्याने घेणाऱ्यांना माझं एकच कळकळीचं सांगणं: खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, पहिल्या दाढीआधी जाणकाराकडून धार तपासून घ्या. धार नसताना शिकलं की हात दाब द्यायला शिकतो, आणि ती सवय मोडायला मला पुढे दोन महिने लागले.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. त्यांचं ज्ञान मला जसंच्या तसं उपयोगी नव्हतं, हे त्यांनीच आधी सांगितलं. “आम्ही दुसऱ्याची करतो. त्याचा गाल समोर असतो. तुमचा आरशात आहे, हात उलटा जाणार.” मग मला खुर्चीत बसवलं, माझा उजवा हात पाहिला आणि विचारलं, “हा ठीक आहे. पण डावा कुठे ठेवलाय?” डावा मी मांडीवर ठेवला होता. ते हसले. दाढी डाव्या हाताची असते, उजवा फक्त वस्तरा धरतो, असं त्यांचं म्हणणं. कातडी ताणायची ती केस वाढतात त्याच्या उलट दिशेला, ताणलेल्या भागावरच पातं फिरवायचं, आणि ताण सुटला की पातं उचलायचं. ओल्या फेसात बोटं घसरतात, म्हणून ताणायच्या जागी तुरटी फिरवून घ्यायची. गालावर तर मी कानासमोरून बोटं वर ओढतो. हे कळलं त्या आठवड्यात कापणं जवळजवळ थांबलं.

कोनाचं गणित तुलनेने सोपं आहे. पात्याची पाठ (धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड) गालापासून तिच्या दोन जाड्यांएवढी लांब, म्हणजे साधारण 30 अंश. त्याहून चपटं धरलं तर केस ओढतात, उभं धरलं तर कापतं. पण दाढीची वही ठेवली आहे त्यात 14 कापे आहेत, आणि त्यातला एकही गालावर नाही. गाल कुणालाही जमतो. पहिला आठवडा फक्त उजवा गाल, बाकी सेफ्टी रेझरने. मग डावा गाल. इथे वस्तरा डाव्या हातात घ्यायचा की उजवा हात नाकावरून आडवा न्यायचा, यावर लोक भांडतात. मी डाव्या हाताने शिकलो, आणि त्यासाठी महिनाभर दात डाव्या हाताने घासले. शर्टावर पेस्ट पडायची. गळा तिसऱ्या महिन्यात. ओठावरचा भाग चौथ्यात, आणि हनुवटी अजून चालूच आहे, कारण तिथे सपाट अशी जागाच नाही. केसांच्या उलट दिशेने पातं मी फक्त गालांवर फिरवतो. गळ्यावर फिरवलं तर पुन्हा पुळ्या, मग एवढा उपद्व्याप कशासाठी?

तुरटी शेवटीही लावतो, सगळ्या चेहऱ्यावर. जिथे चुरचुरलं तिथे आज हात जड होता. रक्त न येता तासलं गेलेलं डोळ्यांना दिसत नाही, तुरटीला कळतं.

आता पट्टा. दाढी सरावाने जमते, पण धार सांभाळणं हे खरं शिक्षण आहे. दर दाढीआधी पातं पट्ट्याच्या कापडावर 20 वेळा आणि चामड्यावर 50 वेळा फिरवायचं: पाठ पुढे, धार मागे, पाठ आणि धार दोन्ही पट्ट्याला टेकलेल्या. टोकाशी आल्यावर वस्तरा पाठीवर उलटवायचा, धारेवर कधीच नाही. हे मला तोंडपाठ होतं, तरी दुसऱ्याच दिवशी सिनेमात पाहिल्यासारखा फटाफट फिरवायला गेलो आणि पट्ट्यात बोटभर चीर पाडली. ती आजही आहे. म्हणून पहिला पट्टा स्वस्तातला घ्या, तो कापला जाणारच. पट्टा सैल सोडला तर चामडं धारेभोवती वळतं आणि धार गोल होते, तेव्हा ताणून धरायचा. घाई केली तर पट्टा धार लावत नाही, काढून टाकतो.

दगडावर धार लावायचा प्रयत्न एकदा केला. तत्त्व सुंदर आहे: पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकवली की कोन आपोआप ठरतो, पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी तो ठरवून ठेवतात. आपल्याला काही धरून ठेवायचं नाही. प्रत्यक्षात मी अर्ध्या तासात चांगली धार घालवली. पुन्हा पुणे, पुन्हा कुरियर. तो 12,000 नंबरचा (नंबर मोठा तितका दगड बारीक) दगड सध्या कपाटात आहे.

जूनपर्यंत एवढंच लिहिलं असतं. मग पाऊस लागला. रत्नागिरीत जुलैमध्ये भिंतीला हात लावला तरी ओला होतो, आणि माझा वस्तरा साध्या कार्बन पोलादाचा. न्हाणीघराच्या फळीवर तो ठेवायचा नाही हे माहीत होतं, म्हणून खोलीतल्या खणात ठेवला. तरी आठ दिवसांत पाठीजवळ तपकिरी ठिपके. ते बारीक पॉलिशने निघाले. वाईट गंज तो, जो दिसत नाही. धार इतकी बारीक की डोळ्यांना काही न दिसताही ती पोखरली जाते आणि एके सकाळी वस्तरा विनाकारण ओढू लागतो.

घरात एकमताने सल्ला आला, खोबरेल लाव. लावलं. पंधरा दिवसांत चिकट थर बसला आणि पातं मुठीला जोडणाऱ्या खिळ्यापाशी मळ साचला. शेवटी जे टिकलं ते असं: धुताना मुठीत पाणी जाऊ द्यायचं नाही, नुसतं पातंच नळाखाली. मऊ कागदाने पाठीकडून धारेकडे टिपायचं. चामड्यावर पाच-सहा हलके हात, म्हणजे धारेवरचा ओलावा जातो. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, आणि वस्तरा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. डबा स्वयंपाकघरातून नेला तेव्हा बायको म्हणाली, “लोणच्याला कधी एवढं जपलं नाहीस.” ऑगस्टपासून नवा ठिपका नाही.

तरीही कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहणाऱ्याने आज मला विचारलं तर मी स्टेनलेसचा घ्यायला सांगेन. दगडावर तो जास्त वेळ घेतो म्हणतात. घेऊ दे, दगडावर तसाही दुसराच कोणी बसणार आहे. पुण्या-नगरकडच्यांना कार्बनचा चालेल.

वेळेचं म्हणाल तर सुरुवातीला 50 मिनिटं लागायची, आता पट्ट्यासकट 22. सकाळी ऑफिसला उशीर होत असेल त्या दिवशी मी वस्तऱ्याला हातच लावत नाही. सगळ्यात खोल कापलं ते ‘एवढा एक हात मारतो आणि निघतो’ असं म्हणताना. घरात लहान मूल असेल तर कुलूप लावा. विमानात हातातल्या सामानात नेता येत नाही.

गळ्यावरच्या पुळ्या गेल्या, पण त्याचं बरंचसं श्रेय सेफ्टी रेझरचं, हे वर कबूल केलंच आहे. गाल मात्र त्याहून गुळगुळीत होतात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तसे राहतात. दाढी दाट आणि राठ असेल, आणि सकाळची वीस मिनिटं कुणाला द्यावी लागत नसतील, तर घ्या. चेहऱ्यावर मुरुम असतील किंवा हात थरथरत असेल तर नको.

काका गेल्या आठवड्यात दुकान बंद करता करता म्हणाले, आणा एकदा, बघू आता कसा चालतो. नेला. पेर फिरवलं, मान हलवली, आणि स्वतःच्या दोन दिवसांच्या दाढीला फेस लावून आरशासमोर उभे राहिले. उजवा गाल चार हातांत झाला. डाव्या गालाशी थांबले, वस्तरा या हातातून त्या हातात घेतला, परत उजव्यात घेतला, आणि हसत माझ्याकडे देऊन म्हणाले, “उरलेली तुम्ही करा.” मी नाही केली. दुसऱ्याच्या गालावर हात बसलेला नाही अजून.