खाडीपलीकडे नेट नेणारी टीपी-लिंक सीपीई510 : कोकणच्या खाऱ्या हवेत कशी चालते

जयगड-तवसाळ किंवा दाभोळ-धोपावेसारखी खाडी मध्ये आहे, अलीकडे फायबर आलंय आणि पलीकडच्या घराला नेट हवंय, तर सीपीई510 या घराबाहेर लावायच्या 5 गिगाहर्ट्झच्या वायरलेस यंत्रांच्या जोडीवर (दोन्ही काठांवर एकेक) खर्च केलेला पैसा वसूल होतो. फक्त खोक्यावरचा पल्ल्याचा आकडा विसरा आणि यंत्राच्या सेटिंगमधल्या स्टेटसच्या पानावरचे आकडे वाचायला शिका.

हिशेब असा. 3 किलोमीटरला 5.8 गिगाहर्ट्झवर नुसत्या हवेत सिग्नलचे साधारण 117 डीबी (डेसिबल, ताकदीतला फरक मोजायचं माप) वाया जातात. उलट जमेला ट्रान्समिट पॉवर 23 डीबीएम (सिग्नलची ताकद), दोन्हीकडच्या अँटेनाचे 13-13 डीबीआय (अँटेनाने झोत एकवटून दिलेली वाढ). म्हणजे पलीकडे उणे 68 डीबीएमच्या आसपास सिग्नल मिळायला हवा. उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरकस; उणे 72 पर्यंत चालेल. उणे 80 दिसत असेल तर मध्ये माडाच्या झावळ्या आहेत, नाहीतर अँटेना साइड लोबवर, म्हणजे मुख्य झोताऐवजी बाजूच्या दुबळ्या झोतावर, जुळलाय. साइड लोब ओळखायचा तर अँटेना सर्वोच्च आकड्याच्या दोन्ही बाजूंना बराच पुढे फिरवून बघा. खरं शिखर सापडतं.

समोरचं घर दिसतंय एवढ्यावर भागत नाही. फ्रेनेल झोन म्हणून लिंकभोवती जो फुगीर पट्टा असतो, त्याची त्रिज्या या अंतराला मध्यावर 6.2 मीटर भरते. त्यातला 60 टक्के, म्हणजे 3.7 मीटर, मोकळा हवा. आणि हे मोजायचं उधाणाच्या भरतीच्या पाण्यापासून, ओहोटीच्या नाही!

खाडीवरची खरी डोकेदुखी पाण्यावरून परावर्तित होणारी लहर. थेट आलेल्या लहरीशी ती उलट्या फेजमध्ये, म्हणजे एकमेकींना खोडत, भेटली की सिग्नल पडतो. पाण्याची पातळी बदलली की पडण्याची वेळही बदलते. म्हणून नेट ठरावीक भरतीलाच अडखळत असेल तर राउटर बदलून काही होणार नाही. एक टोक उंच आणि दुसरं बुटकं ठेवा. परावर्तनाचा बिंदू बुटक्या टोकाजवळ सरकतो. ते टोक किनाऱ्यापासून आत घेतलं तर तो बिंदू पाण्याऐवजी झाडीत किंवा कातळावर पडतो आणि त्रास बराच कमी होतो. बदल केल्यावर सीसीक्यू (स्टेटसच्या पानावरचा लिंकच्या दर्जाचा आकडा) पूर्ण भरती-ओहोटीभर बघा, पाच मिनिटं नाही.

यंत्राचं कवच पाऊस झेलतं, खरा घात आरजे-45 जोडावर (नेटच्या केबलच्या टोकाच्या प्लगवर) होतो. 24 व्होल्टचा पॅसिव्ह पीओई, म्हणजे नेटच्या केबलमधूनच यंत्राला दिलेली वीज, त्याच पिनांतून जातो. खारा ओलावा शिरला की पिना हिरव्या पडतात आणि यंत्र रात्री-बेरात्री आपोआप रीस्टार्ट होऊ लागतं. पिनांना डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावा, केबल आत शिरण्याआधी खाली लोंबती वळवा म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. केबल शुद्ध तांब्याची, शिल्डेड आणि बाहेर वापरायचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त केबलमध्ये व्होल्टेज पडतं. सोबतच्या प्लास्टिक पट्ट्यांवर विसंबू नका, स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प वापरा. खांब जीआय पाइपचाच हवा. माडावर बांधलेला अँटेना वाऱ्याबरोबर डोलतो. वळवाच्या विजांसाठी अर्थिंग हवंच, आणि गडगडाट सुरू झाला की पीओई अडॅप्टर प्लगमधून काढून ठेवा.

सेटिंगमध्ये देश भारत, चॅनलची रुंदी 20 मेगाहर्ट्झ. 40 केली की वेग वाढलेला दिसतो, पण नॉइज 3 डीबीने वाढतो. उणीव एकच ठळक: लॅन पोर्ट 100 एमबीपीएसचं आहे, त्यामुळे खोक्यावरचा वायरलेसचा 300 एमबीपीएसचा आकडा केबलपर्यंत पोचतच नाही. दोन-तीन घरांच्या व्हिडिओ कॉलना पुरतं; अख्ख्या वाडीला नेट द्यायचं तर गिगाबिट पोर्टचं यंत्र घ्या.