ऑफिसच्या नळाला ३ लिटरचा एरिएटर: चांगला, पण प्रत्येक नळाला नाही

एरिएटर म्हणजे नळाच्या तोंडाला बसवायची छोटी जाळी; ३ लिटरचा म्हणजे मिनिटाला ३ लिटरच पाणी सोडणारा. इतक्या कमी पैशात पाणी वाचवणारी दुसरी वस्तू ऑफिसात क्वचितच सापडेल. मात्र चुकीच्या नळाला बसवला, तर आठवड्याभरात कुणीतरी तो काढून ठेवतो.

आधी नळ मोजा. लिटरची बाटली धरून नळ पूर्ण सोडा. ६ सेकंदांत भरली, तर मिनिटाला १० लिटर पाणी पडतंय. एरिएटर लावल्यावर तीच बाटली भरायला २० सेकंद लागायला हवेत. १०० माणसं, दिवसाला पाचदा हात धुणं, दर वेळी २० सेकंद नळ चालू: आधी साधारण १,६६७ लिटर, नंतर ५००. नऊ दिवसांत १०,००० लिटरचा एक टँकर वाचतो.

खरी अडचण वरच्या मजल्यावर येते. टाकीपासून खाली दर १० मीटरला साधारण १ बार दाब मिळतो. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर तो अर्धा बारही नसतो. तिथे फोमचा एरिएटर (पाण्यात हवा मिसळून फेसाळ धार देणारा) हवा नीट ओढत नाही आणि धार करंगळीएवढी होते. तिथे आधी मोजून बघा, धार मुळातच बारीक असेल तर नळाला हात लावू नका. खालच्या मजल्यांवर फोमचाच घ्या. धार भरीव वाटते, त्यामुळे तक्रारी येत नाहीत.

हाउसकीपिंगच्या बादलीच्या आणि पँट्रीत भांडी भरायच्या नळाला एरिएटर लावू नका. बादलीला लागतं तेवढं पाणी लागणारच, वाया जातो तो फक्त माणसाचा वेळ.

नळाचे आटे आतून आहेत की बाहेरून, ते बघून नमुना घेऊनच दुकानात जा. बसवण्यापूर्वी मिनिटभर पाणी सोडून लाईनमधली रेती काढा. टेफ्लॉन टेप नको, वॉशर पुरतो. हातानेच आवळा, पकडीने क्रोम खरवडतं.

बोअरचं पाणी असेल तर जाळीवर क्षार बसतात, धार तिरकी उडू लागते. दर तीन महिन्यांनी काढून कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड टाकून अर्धा तास भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा. संडास धुवायचं ॲसिड अजिबात नको, मुलामा जातो. आतलं रबरी कडं धुताना मोरीत वाहून जातं, आणि मग तोच एरिएटर १० लिटर सोडायला लागतो. म्हणून धुताना खाली गाळणी धरा.

सार्वजनिक वावराच्या टॉयलेटमध्ये चावीने उघडणाराच घ्या. साधा चोरीला जातो.