दहावीनंतर बास्केटबॉल: रेल्वेचा संघ की अमेरिकेतले कॉलेज?

लातूर, नांदेड किंवा परभणीतली एखादी मुलगी विभागीय शालेय स्पर्धेपर्यंत पोचली, की दहावीच्या निकालानंतर तिच्या घरी पहिला प्रश्न नीटच्या क्लासचा निघतो. त्यातूनही खेळ चालू ठेवायचे ठरले, तर पुढे दोन वाटा आहेत, आणि दोन्हींबद्दल पालकांची समजूत बरीचशी ऐकीव असते.

देशातली वाट शालेय आणि राज्य स्पर्धांतून राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेकडे व तिथून खेळाडू कोट्यातल्या नोकरीकडे जाते. महिला बास्केटबॉलमध्ये रेल्वेचा संघ वर्षानुवर्षे बलाढ्य राहिला आहे. भारताची कर्णधार राहिलेली पुण्याची शिरीन लिमये रेल्वेकडूनच खेळली. या भरतीला वय 18 ते 25 लागते आणि लेव्हल 2 या वेतनस्तराची जागा मिळाली तर सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन 19,900 रुपये, लेव्हल 5 ला 29,200 रुपये, शिवाय भत्ते. वरच्या लेव्हलसाठी पदवी आणि मोठ्या स्पर्धांतली कामगिरी दोन्ही पाहतात, म्हणून खेळापायी कॉलेज सोडणाऱ्या मुलीचे नुकसान इथेच होते. जाहिरातीत कधी कधी गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारी) हवी की पोस्टची (रिंगजवळ खेळणारी उंच) खेळाडू, हेही लिहिलेले असते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी करून घ्यावी लागते, तेव्हा तालुक्यापासूनचा प्रत्येक कागद फाइलला लावून ठेवलेला बरा.

अमेरिकेतल्या वाटेचे आकर्षण डब्ल्यूएनबीए या तिथल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमुळे वाटते, आणि हिशेब नेमका तिथेच चुकतो. 2024 मध्ये त्या लीगमध्ये 12 संघ होते आणि एका संघात जास्तीत जास्त 12 खेळाडू, म्हणजे साऱ्या जगातून 144 जागा. त्या वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नव्या खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, 36 जणींची निवड झाली आणि पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या केटलिन क्लार्कचे पहिल्या वर्षाचे मूळ वेतन 76,535 डॉलर होते. सहा फूट दोन इंच उंचीच्या, ऑस्ट्रेलियात खेळून आलेल्या भारताच्या गीतू ॲना जोसने 2011 मध्ये तिथल्या तीन संघांकडे चाचणी दिली, तरी करार झाला नाही.

तिथे खरे हाती लागते ते शिक्षण. एनसीएए ही तिथल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना; तिच्या सर्वांत वरच्या गटातल्या, म्हणजे डिव्हिजन 1 मधल्या पूर्ण शिष्यवृत्तीत कॉलेजचे शुल्क, राहणे आणि जेवण येते; डिव्हिजन 3 मध्ये मात्र खेळाची शिष्यवृत्ती नसते, हे एजंटाला पैसे देण्याआधी माहीत असावे. कविता अकुला, संजना रमेश आणि हरसिमरन कौर या भारतीय मुली डिव्हिजन 1 मध्ये खेळल्या, पण त्यांतली कविता आधी फ्लोरिडातल्या क्रीडाशाळेत आणि हरसिमरन एनबीए या अमेरिकेतल्या पुरुषांच्या लीगच्या अकादमीत तयार झाली होती. नववी ते बारावीचे गुण, इंग्रजी आणि पूर्ण सामन्यांचे व्हिडिओ ही तयारी दहावीनंतर सुरू केली तर उशीरच झालेला असतो.

खेळात म्हणाल तर चेंडू दोन्हीकडे 6 नंबरचाच आणि रिंगची उंचीही तीच, 3.05 मीटर, आपल्याकडे फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमाने 24 सेकंदांत शॉट घ्यावा लागतो, अमेरिकन कॉलेजात 30 मिळतात. मोठा फरक जमिनीचा आहे. तिथे लाकडी फ्लोअर असते, तर आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सिमेंटचे कोर्ट, ज्यावर बुटाचे तळवे चार-सहा महिन्यांत गुळगुळीत होतात आणि गुडघे विशीच्या आतच कुरकुरू लागतात. पंचविशीपर्यंत गुडघे टिकवणे हीसुद्धा रेल्वेच्या वाटेची अट समजावी.

माझे मत विचाराल तर मुलीची उंची सहा फुटांच्या आसपास असेल, ती अभ्यासात बरी असेल आणि आठवी-नववीतच एखाद्या अकादमीने तिला हेरले असेल, तर अमेरिकेचा प्रयत्न जरूर करावा. माझी भाची पाच फूट चार इंचांची गार्ड आहे. तिच्यासाठी आम्ही परभणीतच बी.ए. आणि रेल्वेची तयारी हे ठरवले. मे महिन्यात आठ वाजताच कोर्ट चटके देऊ लागते, म्हणून ती साडेपाचला मैदानावर असते.