बिलावर मॉडेल नंबर नसेल तर पैसे देऊ नका

छोट्या व्यवसायाला कॉम्प्युटर लागतो कशाला? बिलं, हिशेब, मालाचा साठा, रोजचे मेल, एखादी एक्सेल शीट. एवढ्या कामाला महागडं मशीन लागत नाही, आणि फसवणारा विक्रेता नेमकं हेच हेरतो. आत जुना माल घातला तरी सुरुवातीचे काही आठवडे गिऱ्हाइकाला पत्ता लागणार नाही, याची त्याला खात्री असते. पार्ट जोडून मशीन तयार करून देणाऱ्या एका विक्रेत्याने आम्हाला असंच ठरवून फसवलं. त्याची पद्धत फार साधी होती, म्हणूनच ती कुणावरही चालू शकते.

कोटेशनवर होतं ते असं: ‘आय-५ प्रोसेसर, नवीन मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, ५०० वॉट एसएमपीएस, विंडोज ११. बॅकअपसाठी १ टीबी पोर्टेबल एसएसडी.’ आय-५ ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची मालिका, मदरबोर्ड म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात तो बोर्ड, एसएसडी म्हणजे डेटा साठवणारी डिस्क आणि एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारं युनिट. सगळं नवीन ना, असं आम्ही विचारलं. ‘सगळं सीलपॅक.’ प्रोसेसर कितव्या जनरेशनचा (पिढीचा)? ‘लेटेस्टच देतो.’ ही उत्तरं तोंडी मिळाली. पुढे बिल हातात आलं, त्यावर एकाही पार्टचा मॉडेल नंबर नव्हता, सिरियल नंबर नव्हता.

पहिला फटका बॅकअपच्या ड्राइव्हने दिला. रोज संध्याकाळी हिशेबाचं फोल्डर त्यावर कॉपी व्हायचं. कॉपी पूर्ण झाली असंच दिसायचं, फाइलींची नावं आणि आकारही बरोबर असायचे. एका ग्राहकाचं जुनं बिल काढायची वेळ आली तेव्हा फाइल उघडेना. तिच्या आसपासच्याही उघडेनात. ड्राइव्हची क्षमता विंडोजमध्ये १ टीबी दिसत होती, पण आत त्याच्या अगदी थोड्या हिश्शाची मेमरी होती. अशा नकली ड्राइव्हच्या कंट्रोलरमधलं, म्हणजे ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपमधलं, फर्मवेअर (आतलं पक्कं सॉफ्टवेअर) बदललेलं असतं. ते कॉम्प्युटरला खोटी क्षमता सांगतं, आणि खरी जागा संपली की नवा डेटा जुन्यावर लिहिला जातो किंवा कुठेच लिहिला जात नाही. एरर मात्र येत नाही. पैसे गेल्याचा राग येतोच, पण बॅकअप आहे या भरवशावर माणूस निर्धास्त राहतो आणि तो बॅकअपच नसतो, याचा संताप मला आजही आवरत नाही.

ड्राइव्ह खोटा निघाल्यावर आम्ही बाकीचं मशीन तपासायला घेतलं. सीपीयू-झेड नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात प्रोसेसरचं पूर्ण नाव, सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा), मदरबोर्डचं मॉडेल आणि रॅमचा प्रकार दिसतो. आमचा ‘लेटेस्ट आय-५’ निघाला आय-५ ३४७०. हा तिसऱ्या जनरेशनचा, २०१२ सालचा प्रोसेसर. सॉकेट एलजीए ११५५, बोर्ड एच६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डाची मुख्य चिप), रॅम डीडीआर३, सगळं त्याच जुन्या काळातलं. इथली चलाखी नीट समजून घ्या. एच६१ चे बोर्ड अजूनही नव्याने बनवून विकले जातात, त्यामुळे ‘बोर्ड नवीन आहे’ हे विक्रेत्याचं वाक्य खोटं ठरवता येत नाही. खोका नवा, बोर्ड चकचकीत, पण त्यावर बसतो तो दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनचाच प्रोसेसर.

नुसतं ‘आय-५’ म्हणणं म्हणजे मोटारीचं नाव सांगून साल लपवणं. आय-५ ही मालिका २००९ साली सुरू झाली. २०२२ च्या सुरुवातीला आलेला साधा आय-३ १२१०० आमच्या त्या आय-५ ला सहज मागे टाकतो: कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) दोन्हींत ४, पण आय-३ मध्ये थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) ८ आणि प्रत्येक कोअरचा वेग कितीतरी जास्त. तेव्हा ३, ५, ७ या आकड्यांवरून भाव ठरवू नका. पुढच्या चार-पाच आकड्यांतले शेवटचे तीन सोडून जे उरतं, ती जनरेशन. ३४७० म्हणजे तिसरी, ८५०० म्हणजे आठवी, १२१०० म्हणजे बारावी.

जनरेशनचा प्रश्न फक्त वेगापुरता नाही. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं. आमच्या मशीनमध्ये दोन्ही नव्हतं. तपासणी चुकवून विंडोज ११ घुसवलं होतं. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. विंडोज १० वर परतावं, तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ग्राहकांचे पत्ते आणि बँकेचे व्यवहार ज्या मशीनवर आहेत, ते सुरक्षेच्या अपडेटशिवाय चालवणं मला मान्य नाही.

लायसनचीही तीच गत. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानावर लिहून आलं की विंडोज तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेने चालू केलं आहे. ही सोय मोठ्या कंपन्यांसाठी असते, त्यांचा स्वतःचा सर्व्हर असतो आणि ते ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचंच असून पुन्हा पुन्हा ताजं व्हावं लागतं. एकट्या मशीनवर ते दिसलं तर लायसन दिलेलं नाही, जुगाड केलेला आहे, असंच समजा.

आतली एसएसडी वापरलेली निघाली. डिस्कची माहिती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’, म्हणजे डिस्क किती तास चालली, असा आकडा असतो. नव्या डिस्कवर तो शून्य किंवा अगदी किरकोळ असायला हवा; आमच्या डिस्कवर हजारो तास होते. वर्षाचे तास ८,७६० होतात, त्यावरून अंदाज करा. हा आकडा पुसताही येतो. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या वापरलेल्या हार्ड डिस्क तास शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघडकीस आलं. डिस्कच्या आतल्या दुसऱ्या एका नोंदीत खरे तास राहिले होते, म्हणून ते पकडलं गेलं. तेव्हा आकडा जास्त दिसला तर डिस्क नक्की जुनी, पण शून्य दिसला म्हणून नवीच असं नाही. खोका आणि सील पाहा, आणि सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी किती उरली आहे तेही पाहा.

एसएमपीएसच्या लेबलवर विक्रेत्याने स्वतःचा वॉरंटीचा स्टिकर चिकटवला होता. तो काढल्यावर खालची ओळ दिसली: १२ व्होल्ट, १४ अँपिअर. गुणाकार १६८ वॉट. आजचा कॉम्प्युटर बहुतेक सगळी वीज याच १२ व्होल्टच्या लाइनमधून घेतो, त्यामुळे बाहेर मोठ्या अक्षरात छापलेल्या ५०० ला अर्थ नव्हता. आमच्या मशीनला १६८ पुरलेही असते. पण असल्या युनिटमध्ये संरक्षणाचे सर्किट बहुधा नावापुरतेच असतात, आणि असं युनिट बिघडताना बोर्ड आणि डिस्कलाही घेऊन जाऊ शकतं. पैसे वाचवायचे तर कॅबिनेटमध्ये वाचवा, एसएमपीएसमध्ये नाही.

तक्रार घेऊन गेल्यावर विक्रेता म्हणाला, ‘बिलावर आय-५ लिहिलंय, आय-५च दिलाय.’ बराच वाद झाल्यावर त्याने ‘बारावी जनरेशन’ बदलून देतो म्हटलं, आणि काढला आय-३ १२१००एफ. नावातल्या या ‘एफ’चा अर्थ प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स (स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग) नाही. मग डिस्प्लेसाठी वेगळं कार्ड घ्यावं लागतं, तेही त्याच्याकडूनच, वर पैसे देऊन. ते जीटीएक्स १०५० टीआय म्हणून दाखवलेलं कार्ड आम्ही लावून जीपीयू-झेड या ग्राफिक्स कार्ड ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं. नावाआधी ‘फेक’ असा शिक्का आला. जुन्या कार्डाचं बायॉस (आतलं पक्कं सॉफ्टवेअर) बदलून ते नवं असल्याचं भासवलं होतं. त्यानंतर आम्ही त्याच्याशी व्यवहार थांबवला. पोर्टेबल ड्राइव्हचे पैसे परत मिळाले, कारण त्याची क्षमता बिलावर आकड्यात लिहिलेली होती आणि ती खोटी असल्याचं सिद्ध करता आलं. बाकीचे मिळाले नाहीत.

जुना माल घेण्यात वाईट काही नाही. मोठ्या कंपनीच्या ऑफिसांतून निघालेलं, आय-५ ८५०० असलेलं मशीन जुनं आहे असं सांगून, जुन्याच्या भावात कुणी दिलं तर बिलांच्या कामाला मी ते आनंदाने घेईन. ते विंडोज ११ च्या अटींत बसतं. नवीनच हवं असेल तर आय-३ १२१०० किंवा एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी, दोन्हींत ग्राफिक्स आहे, कार्ड लागत नाही. रॅम एकच १६ ची पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या, तेवढ्याच क्षमतेत मशीन जास्त चपळ चालतं. कोटेशनवर प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल, नवा की वापरलेला, आणि वॉरंटी कंपनीची की विक्रेत्याची, हे लिहून मागा. मशीन तयार झालं की पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोरच मशीनचं बायॉस (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणारं सेटिंगचं पान), सीपीयू-झेड आणि क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून बिलाशी ताडून पाहा. बायॉसही पाहायलाच हवं, कारण विंडोजमध्ये दिसणारं प्रोसेसरचं नाव बदलता येतं.

अशा विक्रेत्याकडून घेतलेला स्वस्त पोर्टेबल ड्राइव्ह तुमच्याकडे आधीच असेल, तर एच२टेस्टडब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरने तो तपासा. ते ड्राइव्हची रिकामी जागा भरून परत वाचतं आणि खरी क्षमता सांगतं. पण त्याआधी त्यावरच्या सगळ्या फाइली दुसऱ्या, खात्रीच्या डिस्कवर हलवा आणि तिथे त्या उघडतात का ते पाहा. ड्राइव्ह नकली असेल तर ही तपासणीच त्यावर उरलेल्या चांगल्या फाइली पुसून टाकू शकते.