टिळकवाडी ते खानापूर: एक प्रोजेक्ट, दोन कॉम्प्युटर

बेळगावात टिळकवाडीच्या खोलीत विंडोजचा डेस्कटॉप, खानापुरात घरी उबुंटूचा जुना लॅपटॉप. दुकानदारांसाठी उधारीच्या वहीचं अँड्रॉइड ॲप करतो, मराठी आणि कन्नड दोन्हींत. काम दोन्हीकडं चालतं.

आधी अख्खा प्रोजेक्ट एका क्लाउड फोल्डरात ठेवला होता. एका संध्याकाळी टिळकवाडीत कन्नड शब्दांची फाइल दुरुस्त केली आणि ती वर चढायच्या आत लाइट गेली. घरी येऊन जुन्याच प्रतीवर रात्री काम केलं. सकाळी फोल्डरात एकाच फाइलीच्या दोन प्रती, आणि ॲप बनवायचं सॉफ्टवेअर अँड्रॉइड स्टुडिओ ‘डुप्लिकेट रिसोर्सेस’ म्हणत अडून बसलेला. शब्द सांगणारा कन्नड मित्र म्हणाला, “परत सांगू काय सगळं?”

मग सिंकथिंग, दोन यंत्रांतल्या फाइली सारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, फाइली कुणाच्या सर्व्हरवर न साठवता एका यंत्रावरून दुसऱ्यावर जातात. पण दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालू हवीत. पावसाळ्यात इकडं ते कुठलं जमायला! शिवाय बिल्डसारखे, ॲप बनवताना आपोआप तयार होणारे फोल्डर वगळायची यादी स्वतः सिंक होत नाही, दोन्हीकडं वेगळी लिहावी लागते. आयकॉन, स्क्रीनशॉट यांना आजही तेच वापरतो. कोडला नाही.

कोडला शेवटी गिट, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. 2005 पासून आहे, मीच उगाच घाबरत होतो. दोन्हीकडून एका फाइलीतल्या त्याच ओळी बदलल्या तर गिट गुपचूप दुसरी प्रत काढत नाही, थांबवून विचारतं. लोकल डॉट प्रॉपर्टीज ही फाइल मात्र त्यात घालू नका. तिच्यात एसडीकेचा, म्हणजे अँड्रॉइड ॲप बनवायच्या साधनांचा, त्या कॉम्प्युटरवरचा पत्ता असतो; विंडोजचा ‘सी’ ड्राइव्ह उबुंटूला कुठून सापडणार? कोडपासून ॲप बनवतं ते ग्रेडल; त्याची आवृत्ती ठरवणारा ग्रेडल रॅपर तेवढा घाला, म्हणजे दोन्हीकडं ग्रेडलची आवृत्ती एकच राहते. गिटला 5 पैकी साडेचार गुण. निघताना पुश करायचं, म्हणजे बदल वर चढवायचं, विसरलो की घरी नुसतं बसून राहावं लागतं, त्याचा अर्धा कापला.

एक गोष्ट गिटनंही सुटली नाही. डेस्कटॉपवरून एका दुकानदाराच्या फोनवर ॲप टाकलं होतं, लॅपटॉपवरून नवं टाकायला गेलो तर चढेना. प्रत्येक कॉम्प्युटर आपापली डीबग कीस्टोअर, म्हणजे चाचणीच्या ॲपवर सही करायच्या कीची फाइल, बनवतो, त्यामुळं सही जुळत नाही. घाईत जुनं ॲप काढलं, आणि चाचणीसाठी त्यांनी हौसेनं भरलेला महिन्याचा हिशेब गेला. “सगळी उधारी माफ केलास की रे!” दुकानदार हसले म्हणून बरं.

आता डेस्कटॉपची डीबग डॉट कीस्टोअर लॅपटॉपच्या डॉट अँड्रॉइड फोल्डरात नेऊन ठेवलीय, ॲप कुठूनही चढतं. रिलीजची, म्हणजे लोकांना द्यायच्या ॲपवर सही करायची, की मात्र गिटमध्ये नाही. ती पेनड्राइव्हवर, आईच्या कपाटात.