क्वांटम डॉट की अपकन्व्हर्जन नॅनोपार्टिकल? इमेजिंगसाठी काय घ्यावं

क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहकाचे काही नॅनोमीटरचे चमकणारे कण, आणि त्यांचं मोठं सुख म्हणजे रंग. कॅडमियम सेलेनाइड तेच, फक्त कणाचा साइज बदलला की निळ्यापासून लालपर्यंत हवा तो रंग मिळतो, आणि उजेड तर इतका जबरदस्त की काचेवरच्या पेशी बघायला याच्यासारखं दुसरं काही नाही असं माझं ठाम मत आहे. २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल यालाच मिळालं आणि ते अगदी योग्यच होतं.

पण खरी अडचण जिवंत टिश्यूत शिरल्यावर सुरू होते. डॉट चमकवायला सहसा यूव्ही किंवा निळा प्रकाश टाकतात, त्याने टिश्यू स्वतःच चमकायला लागतो आणि आपला सिग्नल त्या गोंगाटात बुडतो, शिवाय तो प्रकाश खोलवर जातही नाही, आणि कॅडमियमच्या विषारीपणाची भीती वेगळीच.

अपकन्व्हर्जनवाले, म्हणजे कमी ऊर्जेचा प्रकाश घेऊन जास्त ऊर्जेचा देणारे कण, इथे बाजी मारतात. यिटर्बियम-अर्बियम ही मूलद्रव्यं घातलेले हे कण ९८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड घेतात आणि दोन-दोन फोटॉन (प्रकाशकण) जोडून हिरवा-लाल प्रकाश देतात, टिश्यू त्या इन्फ्रारेडला जवळपास चमकतच नाही त्यामुळे बॅकग्राउंड एकदम काळंकुट्ट! अर्बियमच्या दोन हिरव्या पट्ट्यांच्या उजेडाचं गुणोत्तर तापमानाप्रमाणे बदलतं, म्हणजे तोच कण थर्मामीटर पण होतो, हे मला फार आवडतं.

फक्त उजेड खूपच कमी, आणि ९८० ला टिश्यूतलं पाणी तापतं, म्हणून निओडिमियम हे आणखी एक मूलद्रव्य घालून ८०८ नॅनोमीटरच्या प्रकाशावर जातात.

पेशींची स्लाइड असेल तर डॉट, जिवंत प्राण्यात खोल बघायचं असेल तर मी डोळे झाकून अपकन्व्हर्जन घेईन.