कॉर्टिसॉलच्या टेस्ट घरून देताय? लॅबच्या होम कलेक्शनचा आमचा अनुभव

लॅबचं नाव लिहीत नाहीये, पुण्यातली बऱ्यापैकी मोठी आहे. वहिनीला कुशिंगची (शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन जास्त होण्याचा आजार) शंका होती, चेहरा गोल, पोटावर जांभळट पट्टे, बीपी गोळ्यांना दाद देत नव्हतं. एंडोक्राइनच्या (हार्मोनच्या डॉक्टर) मॅडमनी आधी तासभर नुसती चौकशीच केली, कुठलं क्रीम लावता, दम्याचा पंप आहे का, गुडघ्यासाठी कुणाकडून पुड्या आणता का. कारण बाहेरून शरीरात जाणाऱ्या स्टेरॉइडनेही हेच सगळं दिसतं. तसलं काही नव्हतं, मग टेस्ट.

चोवीस तासांच्या लघवीसाठी लॅबने कॅन आणि मराठीत छापलेला कागद दिला, सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीची पहिली धरायची वगैरे, एकदम क्लिअर. रात्री अकराच्या लाळेसाठी कापसाची नळी दिली आणि फोन करून आठवण केली की ब्रश करू नका, तंबाखू-मिश्री नको, ज्येष्ठमध तर नकोच. इथे पैकीच्या पैकी. डेक्सा टेस्टही (डेक्सामेथासोनची गोळी घेऊन कॉर्टिसॉल दबतं का ते बघायचं) नीट झाली, रात्री अकराला अर्ध्या मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या आणि सकाळी आठला माणूस दारात हजर. कॉर्टिसॉल १.८ च्या खाली यायला हवं होतं, ते बरंच वर निघालं. फक्त गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का हे लॅबने विचारलंच नाही, त्यानेही हा आकडा खोटा वाढतो, मॅडमनी आधीच विचारलं होतं म्हणून बरं.

खरा घोळ एसीटीएचचा, म्हणजे कॉर्टिसॉल बनवायचा हुकूम देणाऱ्या हार्मोनचा. कॉर्टिसॉल जास्त आहे हे कळलं, पण ते येतंय कुठून हे याच एका आकड्यावर ठरायला लागतं. कमी असेल तर बोट किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथीकडे, नाहीतर पिट्यूटरी (मेंदूखालची छोटी ग्रंथी) किंवा मग फुफ्फुसात वगैरे लपलेली एखादी गाठ. हे हार्मोन फार नाजूक, जांभळ्या टोपीची ट्यूब लगेच बर्फात आणि पटकन सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून रक्तातला पातळ भाग वेगळा करायचं मशीन). आमच्याकडे आलेल्या दादाने ट्यूब साध्या बॅगेत टाकली आणि निघाला पुढच्या चार घरांना, तेही मे महिन्यात! मी बर्फाचं विचारलं तर म्हणे लॅबमध्ये फ्रिज आहे ना ताई. रिपोर्ट कमी आला. मॅडमनी त्यावर पोटाचा सीटी लिहिलाच नाही, हॉस्पिटलमध्येच बर्फ ठेवून परत रक्त घ्यायला लावलं आणि आकडा चांगलाच वर आला. म्हणजे शोध पोटात नाही, डोक्यात.

एमआरआयमध्ये पिट्यूटरीवर चार मिलिमीटरचा ठिपका दिसला पण तेवढ्यावर ऑपरेशन नाही म्हणाल्या, धडधाकट माणसांतही दहातल्या एखाद्याला असा ठिपका सापडतो. आता जांघेतून कॅथेटर घालून पिट्यूटरीजवळच्या शिरांमधलं रक्त तपासणार आहेत, ते सगळीकडे होत नाही, त्यासाठी मुंबईची तारीख मिळालीय.

लॅबला तक्रार केली, पैसे परत दिले, बोलायलाही व्यवस्थित होते. लघवी, लाळ, डेक्सा बिनधास्त घरून द्या. एसीटीएच मात्र जिथे सेंट्रिफ्यूज आहे तिथेच जाऊन द्या, आणि ट्यूब बर्फात गेलेली बघूनच खुर्चीवरून उठा. पाचपैकी तीन.